बिंताच्या अल्बममध्ये नसलेलं गाणं

न्हावा शेवा बंदरात दुसऱ्यांचा माल सोडवण्यात माझी हयात गेली. कुठल्या पेटीला कुठला कागद लागतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. असा हा शहाणा माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात उतरला आणि उतरल्या उतरल्या स्वतःच कस्टममध्ये अडकला. कारण बॅगेत सुके बोंबील होते. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवीवर पिशवी चढवून वरून चिकटपट्टी मारली होती. पण बोंबील कुठे चिकटपट्टीला दाद देतो! बॅग फिरत्या पट्ट्यावर आली तेव्हा तिच्या आजूबाजूच्या बॅगांचे मालक दोन पावलं मागे सरकले होते.

अधिकारी उंचापुरा, कडक इस्त्रीचा. त्याने पिशवी उघडायला लावली, वाकून वास घेतला आणि एकदम हसला. "माझी आजी असेच वाळवते," तो इंग्रजीत म्हणाला. "कोणासाठी आणलेत?"

मी बिंताचं नाव सांगितलं, तिच्या गावाचं नाव सांगितलं.

"बिंता? ती परत आली ती?" म्हणत त्याने स्वतःच्या हाताने बॅगेची चेन लावली.

पुढचे सगळे दिवस मी हेच ऐकत होतो. कोणी तिला गायिका म्हणत नव्हतं. देश सोडून गेलेले पुष्कळ होते, त्यातली ही परत आलेली, एवढीच तिची ओळख पुरेशी होती.

आमच्या माडीवरची बिंता

आम्ही शिरवण्याचे आगरी. नवं शहर वसवायला शेतं गेली, मिठागरं गेली, तेव्हा आमच्या हाती उरलं ते घर आणि घराच्या डोक्यावर चढवलेले मजले. त्यातल्या सगळ्यात वरच्या खोलीत बिंता भाड्याने राहायची. तिचा भाऊ इथल्या एका कॉलेजात शिकत होता, त्याच्याकडे ती आली. भाऊ शिकून दुसऱ्या देशात नोकरीला लागला. ही राहिली, कारण तिला परत जाता येत नव्हतं.

त्यांच्यात पिढीजात गाणाऱ्यांची घराणी असतात. कोणाचा आजा कोण, कोणी काय केलं, हे गाऊन सांगायचं, आपल्याकडे भाट सांगत तसं. बिंता अशा घरातली. त्या वेळच्या राजवटीला न रुचणारं काहीतरी ती भर समारंभात गायली, आणि जीव वाचवायला घरच्यांनी तिला अंगावरच्या कपड्यांनिशी सरहद्दीपलीकडे काढलं. आमच्या खोलीत ती खिडक्या बंद करून गायची. गल्लीत कुजबुज व्हायची, "आफ्रिकन ठेवलीय, टेन्शन घेतलंय डोक्याला." आई खालून ओरडायची, "बिंताबाय, खिरकी उगर गो! जीव घुसमटंल तुजा."

आई आमची धवलारीण होती, चांगुणाबाई. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद लावायची, मांडवातले विधी चालवायचे आणि धवले गायचे. धवल्यात ती देवांना बोलावते, पितरांना बोलावते, खाडीला आणि बांधालाही लग्नाचं आवतण देते. एक ओळ ती म्हणते आणि शेजारी बसलेली बाई ती ओळ झेलते. आईची झेलणारी म्हातारी झाली, तिला ऐकू येईना. एका हळदीला ओळ अशीच अधांतरी राहिली आणि मागे बायकांत बसलेल्या बिंताने ती झेलली. शब्द निम्मे चुकले, पण सूर जिथल्या तिथे.

मांडवातले एक तात्या उसळले. "चांगुणाबाय, ही कोन? हिची जात काय, धरम काय?"

"हिचे गल्यान सूर हाय तो बग," आई म्हणाली. "तुजे सुनंचे गल्यान हाय का?"

सून तिथेच बसलेली होती. तीच आधी हसली, मग सगळा मांडव. त्या दिवसापासून बिंता आईच्या शेजारी बसू लागली. हिरवी नऊवारी नेसायची आणि डोक्याला मात्र तिकडचं पागोटं बांधायची. आई तिला आपल्या ताटातलं द्यायची. ती आईला काकी म्हणायची, आणि मला दादूस, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायला तिला आईनेच शिकवलं.

पण आईचा एक नियम होता. लग्न नाही तर धवला नाही. मी कितीदा तरी मोबाईल पुढे धरला असेल. ती हात झटकायची. "मांडव नाय, हलद नाय, आनि बोलवू कोनाला? देव येतील आनि उबे रातील. त्यांना काय सांगू, परत जावा?" आणि लग्नात रेकॉर्ड करावं तर बाजूला डीजे. माझ्याकडे अशी तीन रेकॉर्डिंग आहेत. तिन्हींत आईचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येतो तो ढॅणढॅण आवाज.

तिकडची राजवट बदलली, बिंता गेली. मागच्या श्रावणात आई गेली. गावात अजून धवलारणी आहेत, चांगल्या आहेत, पण आईची चाल आईबरोबर गेली. मंगल म्हणते मी हल्ली जेवताना घास हातात धरून बसतो. बसत असेन.

आणि मग बिंताचा निरोप आला. परतल्यावर तिने पहिला अल्बम केला होता आणि तो तिच्या गावात पहिल्यांदा ऐकवणार होते. "दादूस, ये. बोंबील आन." आता खरं सांगतो, मी गांबिया बघायला गेलो नव्हतो. त्या अल्बमात आईचा धवला असणार अशी माझी खात्री होती. तो ऐकायला मी गेलो.

नदीपलीकडे

गांबिया म्हणजे एक नदी आणि तिच्या दोन काठांवरची जमीन. राजधानी बंजूलहून पलीकडे जायला मोठी बोट आहे. तिच्यात ट्रक, बकऱ्या, गाद्या, नवीकोरी खिडकीची चौकट आणि माणसं असं सगळं एकत्र चढतं. भर नदीत इंजिन बंद पडलं. कोणी घड्याळ पाहिलं नाही. एका बाईने शेंगदाण्यांची पुडी सोडली आणि माझ्यापुढे केली.

काठाला तिवरं होती, आपल्या खाडीत असतात तशीच, मुळं चिखलातून वर आलेली. कमरेला ओढणी बांधलेल्या बायका त्या मुळांवरची कालवं काढत होत्या. माझी आई, तिच्या बहिणी, अशाच वाकलेल्या मी पाहिल्यात, जिथे आता रुंद रस्ता आणि काचेच्या इमारती आहेत तिथे. एवढ्या लांब येऊन माणसाने नवीन काही बघावं, तर मी जुनंच बघत होतो.

धक्क्यावर बिंता उभी होती. थोडी सुटली आहे. केसांत पांढरं आलंय. तिने मला पाहिलं आणि भर गर्दीत हाक मारली, "दादूस, आयलास! जेवलास का?"

ही आगरी बोली माझ्या घरात आता कोणी बोलत नाही. माझी मुलगी "पप्पा, तुम्ही पोचलात का?" असा मेसेज करते. आईची भाषा मला ऐकायला मिळाली ती गांबिया नदीच्या काठावर, आणि तीही निळ्या झग्यातल्या बाईच्या तोंडून.

तिकडे भेटल्यावर माणसं लगेच कामाचं बोलत नाहीत. आधी विचारतात, "सुमोलु ले?" म्हणजे घरची माणसं कुठे आहेत? त्यावर म्हणायचं, "इबी जे." तिथंच आहेत. घरी काहीही असो, कोणी आजारी असो, भांडण असो, उत्तर हेच. गावात शिरल्यापासून बिंताच्या अंगणात पोचेपर्यंत मला हे सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना "इबी जे" म्हणत गेलो. शेवटी बिंताच्या मावशीने विचारलं तेव्हा माझा आवाज फुटेना. ती थांबून राहिली. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी म्हणालो, "इबी जे," आणि तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

जेवण एकाच मोठ्या वाडग्यात, सगळ्यांनी भोवती बसून. भात, शेंगदाण्याच्या कालवणात शिजलेला मासा, भोपळा. मी आगरी माणूस, मासा दिसल्यावर मला धीर कुठला. पलीकडच्या बाजूचा चांगला तुकडा दिसला आणि मी सरळ हात घातला. सगळे थांबले. बिंता खुदकन हसली. "दादूस, आपले पुरचा खायचा. दुसऱ्याचे घरान शिरलास तू." वाडग्यातला आपल्यापुढचा भाग तेवढा आपला. चांगलं काही असेल तर घरची बाई बोटांनी मोडून पाहुण्याच्या बाजूला सारते. मग मावशीने इतकं सारलं की माझ्यापुढे डोंगर झाला. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडाने करतात, इथे गुपचूप बोटाने. बोंबील दुसऱ्या दिवशी कांद्यात परतले. मावशीने एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला.

पारावर

अल्बमचं नाव 'इबी जे'. मोठ्या शहरातल्या स्टुडिओवाल्यांनी बोलावलं होतं, पण बिंताने हट्ट धरला, माझ्याच अंगणात करायचं. "तुमचे शिरवन्यान मी खिरक्या लावून गायली," ती मला म्हणाली. "माजे आवाजाचे मागं कायच नसायचा. मना मागं माजा घर पायजे व्हता." म्हणून माणसं यंत्रं घेऊन गावात आली. त्या अल्बममध्ये धान्य कांडणाऱ्या मुसळाचा दणका ऐकू येतो, कोंबड्या येतात, एकदा तर कोणीतरी पाणी ओततं तेही येतं. ते काढून टाकू म्हटल्यावर ती यंत्रवाल्यांवर भडकली होती.

गावाच्या मध्यभागी मोठ्या झाडाखाली लाकडी ओंडक्यांचा पार आहे. तिथे संध्याकाळी स्पीकर लावला. म्हाताऱ्यांना पुढे जागा, मला त्यांच्यातच बसवलं. गाणी तिच्या वाटेने जात होती. सोडलेलं गाव, सरहद्द, परक्या शहरातला पहिला पावसाळा. शब्द मला कळत नव्हते, बिंता मागे बसून कानात सांगत होती. पण आवाज कळत होता. बायका मधूनच "हं" म्हणत होत्या. एका म्हाताऱ्याने तर सगळा वेळ टोपी तोंडावर धरली होती.

मग एका गाण्यात मी माझ्या आईचं नाव ऐकलं. चांगुणाबाई, धर्मा आगऱ्याची लेक, शिरवण्याची. तिची भातशेती, ती शेती गेल्यावर रबाळ्याच्या कंपनीत तिने केलेलं पॅकिंगचं काम, तिची तांदळाची भाकरी. राजांना आणि सरदारांना गायचं तसं बिंताने माझ्या आईला गायलं होतं. ती कानात म्हणाली, "तुजी आय पन माज्यावानीच. मी गाव सोरला. तिला गावानी सोरला." आमचं घर जागेवर होतं म्हणून आईचंही गाव सुटलं, असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं.

तिथे रिवाज असा, की ज्याच्या घराण्याची स्तुती गातात त्याने गाणाऱ्याला काहीतरी द्यायचं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं रडतोय म्हणून बघतात. बिंताने कोपराने ढोसलं तेव्हा उमगलं. मी नोट काढली आणि आपल्या पद्धतीप्रमाणे तिच्या डोक्यावरून ओवाळली. पारावर असा हशा उठला! नंतर तिथल्या बायका एकमेकींच्या डोक्यावरून रुमाल ओवाळत हसत होत्या.

पण अल्बम संपला आणि धवला आलाच नाही. मी वाट बघत होतो, पुढचं, पुढचं. स्पीकर बंद करून वायरी गुंडाळायला लागले तेव्हा मी बिंताला गाठलं.

"धवला?"

"काकीनी काय सांगलेला? लग्न नाय तं धवला नाय. अल्बम म्हनजे काय लगीन हाय?"

"अगं, पण इथे कोणाला कळणार आहे?"

"काकीला," ती म्हणाली.

मला राग आला. एवढा समुद्र ओलांडून आलो, आईची चाल आता जगात एकाच गळ्यात आहे आणि तो गळा माझ्यासमोर नियम सांगत उभा आहे. मी तसं बोललोही. फक्त मला एकट्याला म्हणून दाखव, म्हणालो, चार ओळी. तिने मान हलवली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "मना पन म्हनायचा हाय रं," ती म्हणाली. "इते आल्यापासून गायली नाय मी. नुसता पोरींना शिकवली, एकेक ओल सुटी करून. आख्खा नाय." मग पाराच्या ओंडक्यावर टेकली आणि म्हणाली, "शेजारी लगीन हाय या सुक्रवारी. पन हलद नाय ना आमच्यान."

हळद

हळद मी आणतो म्हणालो. बोललो खरा, आणायची कुठून? मंगलने दिलेल्या आगरी मसाल्यात हळद असते, पण ती नवरीला लावली तर लग्नाआधी दवाखाना. कोपऱ्यावरच्या दुकानात करी पावडर मिळाली. शेवटी पुन्हा ती बोट, पुन्हा नदी, आणि शहरातल्या एका किराणा दुकानात मागच्या फळीवर हळदीचे पुडे. दुकानदार जामनगरकडचा निघाला. एवढी कशाला, विचारलं. लग्न आहे, म्हटलं. त्याने वर एक नारळ दिला.

आता नवरीच्या आजीची परवानगी. घर मुसलमानांचं, पद्धत परकी, आणि मी कोण कुठला. आजी चटईवर बसून कोला नावाच्या कडू बिया मोजून मोजून पुड्यांत बांधत होती. तिकडे लग्नाचं आवतण त्याच बिया वाटून देतात, आपण सुपारी देतो तसं. बिंताने तिला सगळं सांगितलं. आजीने बोटाला हळद लावून पाहिली.

"रंग जातो का?"

"दोन दिवसांत," मी म्हणालो.

"आणि ते गाणं कोणाला बोलावतं?"

बिंताने अडखळत सांगितलं, गेलेल्या माणसांना. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार. आजीने आणखी एक पुडी बांधली. मग काहीतरी बोलली आणि बिंता हसता हसता मागे कलंडली. आजी म्हणाली होती, "माझ्या नवऱ्यालाही बोलवा. पण त्याला आधीपासून बोलवा, तो कुठेच वेळेवर आला नाही." आणि एक अट घातली. हळद पायांना लावायची, तोंडाला नाही, फोटो काढायचे आहेत.

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर बायका अंगणात जमल्या. नवरी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, दोन्ही पाय पुढे केलेले. कोणीतरी पाण्याच्या घमेल्यात भोपळ्याचं कवच उपडं घातलं आणि त्यावर ठेका धरला. मला पुरुषांत बसवणार होते, पण आजीने बोट दाखवून बायकांच्या कडेला स्टूल ठेवायला सांगितलं. हळद मीच कालवली. आमच्या घरी ती आईच कालवायची.

बिंता खाली बसली. तिच्या मागे तिच्या शिकाऊ मुली, झेलायला. तिने नवरीच्या पायाला हळद लावली आणि धवला धरला.

ती आईची चाल होती. तीच, जराही इकडची तिकडे नाही. धरित्रीला बोलावलं, खाडीला बोलावलं, पितरांना बोलावलं. आजीने डोळे मिटले. मुलींना अर्थ कळत नव्हता, पण त्या ओळ झेलत होत्या आणि ओळ खाली पडत नव्हती. मी गुडघे घट्ट धरून बसलो होतो.

मग बिंताने म्हटलं, "खारीचे बांधावं उबी कर..." आणि थांबली. शब्द अर्धाच. हात वर केला, पंजा मुलींकडे. भोपळ्यावरचा ठेकासुद्धा थांबला. एक श्वास गेला, दुसरा गेला, आणि मग तिने उरलेला शब्द घेतला, "...वली गो." करवली. मुलींनी ओळ झेलली, आणि त्याही सगळ्या तिथेच थांबल्या, अर्ध्या शब्दावर, सगळ्यांचे पंजे वर.

बिंता शेजारी बसायची त्या शेवटच्या वर्षांत आईला दम लागायचा. गाता गाता शब्द मध्येच तुटायचा. मग तुटलेली ओळ बिंताने उचलू नये म्हणून ती शेजारी न बघताच हात वर करायची. थांब गो, येतंय मी. तिने दम घेऊन येईपर्यंत मांडव थांबून राहायचा. मला हे माहीत होतं, पण आठवत नव्हतं. मी चाल शोधत फिरत होतो.

हळद आटोपल्यावर मी बिंताला म्हणालो, "अगं, ते गाण्यात नाही. तिला दमा होता."

"मना म्हाईत हाय. बाजूलाच बसायची ना मी."

"मग मुलींना तसंच का शिकवलंस?"

बिंता पिवळे झालेले हात झग्याला पुसत होती. "येवराच तर एक ठिकान हाय," ती म्हणाली, "जिते ती अजून येतंय."

अंगणात मुलींनी पुन्हा पहिल्यापासून धरलं होतं, आजीनेच सांगितलं म्हणे. तो अर्धा शब्द आला, हात वर गेले, आणि सगळ्या गावाबरोबर मीही आईची वाट बघत थांबलो.